न आलेल्या पुस्तकाचा नियम

माझ्या वयाच्या बायका कसली कसली वाट बघतात. कुणी लेकाच्या लग्नाची, कुणी बदलीची, कुणी सोनं उतरायची. मी एका पुस्तकाची वाट बघत होते, आणि तेही चारचौघींत सांगावं असं पुस्तक नव्हे. इंग्रजी कादंबऱ्यांची एक जाडजूड मालिका, अद्भुत राज्यांची, जादूची. पाच भाग वाचून झाले होते आणि सहाव्याचा पत्ता नव्हता. पन्नाशीला टेकलेली, सांगलीतल्या एका बँकेत लॉकरच्या किल्ल्या सांभाळणारी बाई दुपारी डबा खाताना मोबाइलमध्ये काय बघत असेल? तर लेखक सहाव्या भागाबद्दल काही बोललाय का. तो काहीच बोललेला नसायचा. कित्येक वर्षं तो माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

गोष्ट अशी आहे. एका नदीनं एक अख्खं राज्य गिळलंय. वाचलेले लोक गच्च्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर राहतात, होड्यांतून ये-जा करतात. त्यांच्यात एक नावाडीण आहे. ती पाण्यावर वाकून बुडालेल्या माणसाला हाक मारते आणि ते माणूस घटकाभर वर येऊन बोलतं. पण दर हाकेला तिची स्वतःची एक आठवण जाते, कायमची. पाचव्या भागाच्या शेवटच्या पानावर ती आपल्या आईला हाक मारायला वाकते, तोंड उघडते आणि पुस्तक संपतं. असा भाग संपवून गप्प बसणाऱ्याला माणूस म्हणावं का, असा मला कैक वेळा प्रश्न पडला.

या वाटेवर माझ्याबरोबर दोघीच होत्या. एक माझी साताऱ्याची मैत्रीण. कॉलेजच्या होस्टेलवर आमची खोली एक, आणि या मालिकेचं वेड मला लावलं ते तिनंच. दुसरी माझी आई. घरात तिला सगळे आक्काच म्हणतात. तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण एका वर्षी कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, खालचा मजला गेला आणि आम्ही दोघी वरच्या खोलीत अडकून पडलो. वीज नाही, फोन बंद. बोलायला तरी काहीतरी हवं म्हणून मी तिला ही गोष्ट मराठीत सांगायला घेतली.

"आगं, पान्यात बसून पान्याचीच गोष्ट व्हय? दुसरी न्हाई का एखादी?" आक्का म्हणाली. पण ऐकत राहिली. तिचे प्रश्न निराळेच असायचे. गच्चीवर राहतात तर धान्याला ओल लागत नाही का? दिवस मावळल्यावर जेवतात का? आणि ती पोरगी आईला शेवटाला ठेवते आणि परक्यांना आधी हाका मारते, हे काय शहाणपण? पाणी ओसरलं, आम्ही घर धुतलं, पण नंतरही मधूनच भाजी निवडता निवडता ती विचारायची, "त्या नावाडनीचं आलं का काय पुढचं?" मी नाही म्हणायची. मग ती लेखकाला दोन शब्द सुनवायची आणि आम्ही दोघी हसायचो.

आता नियमाचं सांगते. आम्ही जैन. पावसाळ्याचे चार महिने, चातुर्मासात, मुनी महाराज फिरत नाहीत, एकाच गावी राहतात. गेल्या आषाढात एक महाराज आमच्या बस्तीत राहायला आले. देवळाला आमच्याकडे बस्ती म्हणतात. चातुर्मास लागला की घरटी माणसं महाराजांपुढं जाऊन काहीतरी सोडायचा नियम घेतात. कुणी गूळ सोडतं, कुणी दही, पालेभाज्या तर सगळेच सोडतात. मी दर वर्षी वांगं सोडायची. मला वांगं आवडत नाही. चार महिने सोडलं काय आणि जन्मभर सोडलं काय.

या खेपेला रांगेत उभं असताना आक्का कानाशी कुजबुजली, "वांगं नगं हं. तुला आवडत न्हाई त्ये मला ठाव हाय. आवडीचं काय तरी सोड एकदा."

म्हणजे इतकी वर्षं तिला माहीत होतं. मी चांगलीच वरमले. तेवढ्यात आमची पाळी आली. आक्कानं मला पुढं केलं. महाराजांनी मला विचारलं, काय सोडणार? आक्काच मध्ये बोलली, "हिला पुस्तकांचा लय नाद हाय, महाराज."

महाराज म्हणाले, वाचन कशाला सोडायचं, वाचन चांगलंच आहे. झालं, मी सुटले असं मला वाटलं. पण आक्का माझ्याकडं बघत होती, आणि मागची रांगही ऐकत होती. तेव्हा मला ते सुचलं. मी हात जोडून म्हणाले, "महाराज, एका पुस्तकाच्या पुढच्या भागाची मी फार वर्षं वाट बघतेय. चातुर्मासात तो आला तरी चातुर्मास संपेपर्यंत उघडणार नाही."

तो भाग येणार नव्हता. निदान त्या वर्षी तरी नाही, याची मला लॉकरच्या किल्लीइतकी खात्री होती. ज्याला दात नाहीत त्यानं चणे सोडावेत तसा तो नियम होता. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटून घेतली, हेही सांगून टाकते. महाराज म्हणाले, "पक्कं?" मी म्हणाले, "पक्कं."

आक्काचे डोळे भरून आले. ती पुढं सरकली. "महाराज, मी साखर सोडनार हुते. आता ऱ्हाऊ दे. हिच्या जोडीनं मी चहा सोडते. दोघींचा मिळून येकच नियम."

आक्काचा चहा म्हणजे काय हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. कुंडलला आमची शेती होती तेव्हा तांबडं फुटायच्या आत ती चूल पेटवायची, आणि माझे वडील, अण्णा, मळ्यात जायच्या आधी दोघं उंबऱ्यात बसून चहा प्यायची. दिवसभरात त्या दोघांचं तेवढंच बोलणं. अण्णा गेले, आम्ही सांगलीला आलो, चुलीचा गॅस झाला, पण आक्काचा तो चहा तसाच राहिला. उंबरा नाही म्हणून ती गॅलरीच्या पायरीवर बसते. उपवासाला ती जेवण सहज सोडते, पण चहा सोडलेला मी कधी बघितला नव्हता. घरी येताना मी म्हणाले, "आक्का, चहा कशाला सोडलास? डोकं धरेल."

"तू येवढ्या वर्सांची वाट सोडलीस, मी चहा सोडाया नगं व्हय?" ती म्हणाली. खुशीत होती. लेक देवाधर्माला लागली, असं तिला वाटत होतं.

श्रावण लागला आणि मैत्रिणीचा फोन आला. मी बँकेत होते. ती नुसती ओरडत होती. सहावा भाग. याच महिन्यात. त्या गप्प बसलेल्या लेखकानं एकदम तारीखच सांगून टाकली होती. मी काउंटरवर उभ्या उभ्या हसायला लागले. लॉकर उघडायला आलेल्या एका काकांनी विचारलं, काय हो मॅडम, प्रमोशन का? आणि मग मला आक्काचा सकाळचा चेहरा आठवला. चहा सुटल्यापासून ती सकाळी पायरीवर नुसती बसून राहायची, हातात काहीच नसायचं म्हणून पदराचं टोक चाळवत. माझं हसू तिथंच विरलं. दात नव्हते म्हणून चणे सोडले होते, आणि आता कुणीतरी दातच आणून बसवले होते.

मी पुस्तक मागवलं. दिवाळी झाली की वाचू, अशी मनाची समजूत घातली. पार्सल आलं तेव्हा मी बँकेत होते. आक्कानं ते घेतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि देवघराच्या वरच्या फळीवर, जिथं तिची शास्त्राची पुस्तकं सोवळ्यात ठेवलेली असतात, तिथं नेऊन ठेवलं. मी घरी आल्यावर म्हणाली, "आलंय बग तुजं. पन मी असं ठिवलंय की तुजी नजर बी जायाची न्हाई."

नजर कशी जाणार नाही? रोज नमस्कार करताना आधी तेच दिसायचं, खोक्यातलं, चिकटपट्टी लावलेलं. देवापुढं हात जोडून मी नावाडणीचा विचार करायची. कुणाच्या तरी इंटरनेटवरच्या एका ओळीवरून चुकून काही कळेल म्हणून मी मोबाइल बघायचा बंद केला. मैत्रीण वाचून मोकळी झाली होती आणि बोलायला कुणी नाही म्हणून तडफडत होती. शेवटी ती फोनवर म्हणाली, "नियम तुझ्या खोक्याचा आहे ना? ते खोकं नको उघडू. माझं पुस्तक उघडंच आहे. ये साताऱ्याला."

यात तिचा दोष नाही. त्यांच्यात नियमबियम काही नसतात, तिला ती गंमत वाटली. मला मात्र ती पळवाट आहे हे नीट कळत होतं आणि तरी मी ती धरली. आक्काला सांगितलं, साताऱ्याला बँकेचं ट्रेनिंग आहे. तिनं पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. चातुर्मासात बाहेरचं खायचं नाही म्हणून. दशम्या भाजताना तिला दोनदा भिंतीला टेकावं लागलं. चहा नसला की सकाळी तिचं डोकं ठणकतं. "जा तू, तुला यष्टी चुकंल," ती म्हणाली, आणि मी गेले.

साताऱ्याला मैत्रिणीच्या घरी खिडकीत खुर्ची ओढली आणि वाचायला बसले. ती कामावर जायची, मी वाचायची. आल्यावर ती नुसती माझ्या तोंडाकडं बघायची आणि विचारायची, "कुठवर आलीस?" खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. मन खात होतं म्हणून पुस्तक गोड लागलं नाही, असं लिहिलं तर ते बरं दिसेल, पण तसं झालं नाही. त्या पाण्यावरच्या गच्च्या, त्या होड्या, इतक्या वर्षांनी सगळी माणसं पुन्हा भेटली. मी रडले, हसले, जेवायचं विसरले.

आणि नावाडीण आईला हाक मारते ते पान माझ्या हातात असताना आक्काचा फोन वाजला. दिवस मावळायला आला होता, आणि त्यानंतर आमच्यात जेवत नाहीत.

"जेवलीस का? दिस बुडाया आला."

"जेवते आता. ट्रेनिंग लांबलं."

"दशम्या कडक झाल्या आसतील. पान्यासंगं खा. आनि त्ये पुस्तक लय शिकवत्यात का तितं, डोळं दुखवू नगंस."

ट्रेनिंगचं पुस्तक, असं तिला म्हणायचं होतं. मी हो म्हणाले. फोन ठेवला, पान उघडलं आणि वाचत राहिले. मैत्रीण स्वयंपाकघरातून बघत होती. त्यानंतर तिनं "कुठवर आलीस" असं विचारलं नाही.

घरी आल्यावर दशलक्षण पर्व लागलं. आमच्यात या दिवसांत मोठमोठे उपवास होतात आणि शेवटी क्षमावाणी असते. त्या दिवशी लहान-मोठं कुणी बघत नाही, प्रत्येकजण प्रत्येकाची क्षमा मागतो. आक्का माझ्यापुढं आली. मी खुर्चीवरून उठायच्या आतच तिनं हात जोडले. "वर्सभरात कळत न कळत तुज्याशी काय चुकलं आसंल तर क्षमा कर, बाई."

मीही तेच शब्द म्हणाले. त्यात 'नकळत' म्हणताना माझी जीभ अडखळली नाही. सांगायचं असतं तर तीच वेळ होती, सगळी रीतच त्यासाठी होती. मी वाकून तिच्या पाया पडले आणि बँकेला उशीर होतोय म्हणून बाहेर पडले.

मग फळीवरचं ते खोकं पाहुण्यांना दाखवायचं सुरू झालं. शेजारच्या काकू आल्या, कुंडलची आत्या आली. आक्का त्यांना देवघरापाशी न्यायची. "ही बगा. कवाधरनं वाट बगत हुती. दारात येऊन पडलंय, पन बोट लावलं न्हाई पोरीनं." काकू माझ्याकडं कौतुकानं बघायच्या. मी चहा टाकायला आत जायची. पाहुण्यांसाठी चहा उकळायचा आणि आक्का त्या वासात शांत बसलेली असायची.

आश्विनात एका सकाळी ती डोक्याला फडकं बांधून पायरीवर बसली होती. मी म्हणाले, "आक्का, तुझा नियम महाराजांना विचारून बदलून घेऊ. वय झालं. ते नाही म्हणणार नाहीत."

"नगं. तू येवढं धरलंयस, मला चहाचं काय जड न्हाई. तुज्याकडं बगितलं की माजं दुखायचं ऱ्हातंय."

तेवढं मला ऐकवलं नाही. मी तिथंच पायरीवर बसले आणि सांगितलं.

आक्का गवार निवडत होती. तिचा हात थांबला. "कवा?"

"साताऱ्याला गेले होते तेव्हा. ट्रेनिंग नव्हतं."

"समदं वाचलंस?"

"सगळं."

तिनं दोन शेंगा मोडल्या. मला वाटलं आता चिडेल, निदान रडेल. मी दोन्हीला तयार होते. खरं तर मला तेच हवं होतं. पण ती म्हणाली, "मग माजा बी मोडला की." आणि माझं काही ऐकायच्या आत तिनं हिशेब सांगितला. नियम दोघींचा मिळून एक होता. एकीचा मोडला म्हणजे पुरा नाही. जपात मणी चुकला तर माळ पुन्हा मेरुमण्यापासून धरायची असते. तिनं चहा त्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून धरला, पुरे चार महिने.

मी हातापाया पडले. म्हणाले, मोडला मी, तू कशाला? मी बस्तीत जाऊन महाराजांना सगळं सांगितलं. त्यांनी मला जप आणि काही एकभुक्त दिवस दिले. ते माझ्या मानानं फारच किरकोळ होतं, मी केलं. महाराजांनी आक्काला निरोपही धाडला की तिचा नियम शाबूत आहे. तिनं निरोपाला नमस्कार केला आणि चहा घेतला नाही. "महाराजांचं बरोबर हाय. पन मी बोलले हुते नव्हं, जोडीनं म्हून." मग मी म्हणाले, मी पण चहा सोडते. तर आक्का हसली. "तुला कुटं आवडतो चहा? तू माज्यासंगं म्हून पितीस." मला आवडणारं असं जे होतं, ते मी वाचून संपवलं होतं. सोडायला माझ्यापाशी काही उरलं नव्हतं.

मी सांगितलं ते चुकलं असं मला आता वाटतं. गप्प राहिले असते तर कार्तिकात तिचा नियम सुखानं पुरा झाला असता, तिनं पायरीवर बसून चहा घेतला असता आणि मी मेल्यागत पण गुपचूप जगले असते. माझ्या पोटातलं ओझं उतरावं म्हणून मी बोलले आणि ते उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं. नावाडणीचं पुढं काय झालं ते सांगू का, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "आता नगं. माजं पुरं झाल्याव सांग. म्हंजी नियम पुरा करून मग ऐकल्यासारकं व्हईल." म्हणून मी इथंही ते लिहीत नाही.

दिवाळी गेली, चातुर्मास उठला, महाराज पुढच्या गावाला गेले. सगळ्यांचे नियम सुटले, आक्काचा तेवढा चालू आहे. पौषात सांगलीत सकाळी बरीच थंडी असते. ती सुंठ घालून गरम पाणी पिते, दोन्ही हातांनी पेला धरून, पायरीवरच बसून. कुणी विचारलं तर म्हणते, पित्त होतं चहानं. माझ्यासाठी ती खोटं बोलते. आयुष्यात तिनं खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

गेल्या रविवारी मैत्रिणीचा फोन आला. आक्का माझ्या शेजारीच पायरीवर होती. सातवा, शेवटचा भाग. त्या माणसाला आता लिहायची घाई झालीय म्हणे. तारीख आली होती. मी तोंड दुसरीकडं केलं, पण चेहऱ्यावरचं हसू आक्काला दिसलंच असणार.

"सातवं आलं व्हय?" तिनं विचारलं.

"येणार आहे."

"कवा?"

मला खोटं सांगता आलं असतं. "श्रावणात," मी म्हणाले.

आक्कानं पेला खाली ठेवला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मग येत्या चातुर्मासात तू महाराजांपुढं काय बोलू नगंस, बाई. तू वाच. तुजा बी मीच धरीन."

मला तिला नको म्हणायचं होतं. फोनवर मैत्रीण अजून बोलत होती, आणि मी मनात श्रावणाला किती महिने राहिले ते मोजत होते.